कागदावर 120/80, आणि रात्रीचं घोरणं

ताई, नमस्कार.

आम्ही निपाणी भागातले. आमचे हे पोलीस खात्यात आहेत. डीएआरचे, म्हणजे जिल्हा सशस्त्र राखीव दलाचे हेड कॉन्स्टेबल, सध्या चिकोडीकडच्या एका ठाण्याच्या जीपवर ड्रायव्हर. वय 45. खात्याकडून दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी असते, तिचं यंदाचं बोलावणं आलंय. पण हे जायला तयार नाहीत. म्हणतात, “मला काय होऊलंय? मागच्या वर्षी सगळं नॉर्मल आलंय की!” त्या रिपोर्टचा फोटो सोबत पाठवलाय. खरं कारण वेगळं आहे. शुगर-बीपी निघाली तर जीपवरून काढतील, कुठंतरी गार्ड ड्यूटीला बसवतील, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

मामंजीही खात्यातच होते. 52 व्या वर्षी ड्यूटीवरून घरी आले, छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाले, गॅस झाला असेल म्हणून सोडा प्याले आणि पहाटे गेले. ह्यांचं वजन आता 86 आहे. रात्री असं घोरतात की पोरं दुसऱ्या खोलीत झोपतात. मध्येच आवाज बंद पडतो, मग एकदम दचकल्यागत श्वास घेतात. लघवीला दोन-तीनदा उठतात. तंबाखू आहेच. धाकटे दीर कोल्हापूर पोलिसांत आहेत. ते म्हणतात, “वहिनी, दादाला इकडं घेऊन या, आमच्यातनं करून घेऊ.” आमचं गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांत येतं, त्या गावांसाठीच्या महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेतून होईल का? की मी सरळ ह्यांच्या साहेबांना फोन करू? मागच्या डिसेंबरात बेळगावला विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्ताला गेले ते दहा-बारा दिवसांनी पाय सुजवून आले. आता परत तेच दिवस येतायत.

– एक पोलीसपत्नी

साहेबांना फोन करू नका. हे आधीच सांगून टाकते, बाकीचं वाचेपर्यंत तुमचा हात फोनकडे जायला नको. साहेब वाईट असतील म्हणून नव्हे. चांगले असतील तर ते त्यांना बोलावून समजावतील, आणि ते समजावत असताना दारात रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी बघणारा पोलीस, उभा असेल. संध्याकाळच्या चहापर्यंत अख्ख्या ठाण्याला कळेल की ‘वहिनींचा फोन आला होता’. मग तुमचे यजमान तपासणीला जातील, पण तुम्हाला काही सांगणं कायमचं बंद करतील. तुमच्या घरात सध्या जे काही कळतंय ते तुमच्याचमुळे कळतंय. ती वाट बुजवू नका.

आता फोटो बघते. चष्मा लावून दोनदा बघितला.

रक्तदाब 120/80. शुगर 110, बाजूला इंग्रजीत ‘आरबीएस’. वजन 74. उंचीची जागा कोरी, कमरेच्या मापाची जागा कोरी. खाली शिक्का, सही आणि तारीख 13 डिसेंबर.

एकेक घेऊ. आरबीएस म्हणजे कधीही घेतलेली साखर. उपाशीपोटी की चहा-उपीट खाऊन, याला काही हिशेब नाही. 110 आकडा वाईट नाही, पण त्यावरून मधुमेह नाही असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. वजन 74 आणि आज 86. वर्षाच्या आत बारा किलो वाढतात माणसं, नाही असं नाही, पण मग गणवेश दोनदा तरी नवा शिवावा लागला असता. तुम्हाला आठवत असेल. आणि 13 डिसेंबर हे तर अधिवेशनाचे दिवस, तेव्हा ते बंदोबस्ताला बेळगावात होते असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. शिबिर तिथंच घेतलं असेल तर प्रश्न मिटला. एकदा विचारून बघा. पण जेवताना, सहज. वकिलासारखी उलटतपासणी नको.

राहता राहिलं 120/80. त्याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे.

मी 31 वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. एका वर्षी पोलिसांच्या शिबिराला आम्हा तिघींना पाठवलं. मोठा हॉल, कडेला टेबलं, खाकीची रांग पार दाराबाहेर. साहेब येऊन फीत कापेपर्यंत साडेदहा. उपाशी या म्हणून सांगितलेली माणसं रात्रपाळी उतरून सरळ आलेली. त्यांनी किती वेळ उपाशी राहायचं? निम्म्यांनी बाहेरच्या गाड्यावर चहा-भजी खाऊन घेतली. बीपीच्या मशीनचा पट्टा एकच, मधल्या मापाचा. शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळायचा, माणूस उभ्या उभ्या, कमरेचा पट्टा आवळलेला, शेजारचा चेष्टा करतोय. एक वाजता यादी वर पाठवायची होती. पावणेएकला अजून चाळीस-पन्नास जण बाकी. शेवटच्या पानावर मी सलग अकरा जणांपुढं 120/80 लिहिलं. पट्टा न बांधता. ते अकराही जण खूश होऊन गेले, दोघे तर ‘सिस्टर, भारी आहात’ म्हणाले.

म्हणून तुमच्या फोटोतला 120/80 बघून मला आनंद झाला नाही. तो खरा असेलही. पण इतका गोल आकडा असला की मला माझंच अक्षर दिसतं.

याचा अर्थ शिबिरं बिनकामाची असा काढू नका. सगळी शिबिरं अशी नसतात, आणि लाजेकाजेनं का होईना, त्याच रांगांत मी दोनशेच्या वर बीपी असलेली धडधाकट दिसणारी माणसं पकडलेली आहेत. सरकार या तपासणीचे पैसे मोजतं, ती त्यांच्या हक्काची आहे आणि त्यांनी ती घ्यावीच. मुद्दा इतकाच की बोलावणं येणं, यादीत नाव लागणं आणि खरोखर तपासणी होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी नीट व्हायला घरातून थोडी तयारी लागते. तुम्ही त्यांना ढकलून शिबिरात पोहोचवण्यापेक्षा या तयारीला लागा. कशी, ते सांगते.

पण आधी त्यांची भीती. ती तुम्ही हसण्यावारी नेऊ नका, कारण ती हवेतली नाही. 2018 मध्ये केएसआरपीत, म्हणजे कर्नाटकच्या राखीव पोलीस दलात, पोट सुटलेल्यांना ‘वजन उतरवा, नाहीतर निलंबन’ असा इशारा दिला गेला होता, पेपरात आलं होतं. असं एकदा कानावर पडलं की पुढची दहा वर्षं प्रत्येक वजनकाटा हा खात्याचा हेर वाटतो. त्यातून तुमचे यजमान ड्रायव्हर. जीप म्हणजे त्यांच्यासाठी नुसती ड्यूटी नसणार. साहेबांच्या शेजारची जागा, सगळ्या गावाला ओळख, उन्हातान्हात उभं राहण्यातून सुटका. ते जाईल म्हणून माणूस घाबरणारच.

माझ्या नोकरीत शुगर किंवा बीपी निघाली म्हणून पोलिसाची नोकरी गेलेली मी बघितलेली नाही. बीपीच्या गोळ्या खाऊन ड्यूटी करणारे पोलीस त्यांच्याच ठाण्यात चार तरी असतील, खिशात पाकीट लपवून. ड्यूटी बदलते ती बहुतेक वेळा आजार अंगावर काढून शेवटी पक्षाघात नाहीतर हार्टअटॅक झाल्यावर. तेव्हा मग जीप तर जातेच, उजवा हातही जातो.

गाडी चालवणाऱ्या माणसानं मात्र एक गोष्ट खरंच सांभाळायला हवी, आणि ती शिबिरात कोणी सांगत नाही. मधुमेह निघालाच तर औषधांत फरक असतो. मेटफॉर्मिन एकटं घेतलं तर साखर धोक्याइतकी खाली जाणं क्वचितच होतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांनी मात्र जेवण चुकलं की साखर एकदम उतरू शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. स्टेअरिंगवर ते झालं तर? म्हणून डॉक्टरांपुढं बसल्यावर पहिलं वाक्य हे असू दे: “मी ड्रायव्हर आहे, नाइट असते, जेवणाची वेळ नक्की नसते.” त्याप्रमाणे औषध निवडता येतं. आणि गोळी कुठलीही असो, जीपच्या डॅशबोर्डमध्ये गुळाचा खडा किंवा ग्लुकोजची पुडी ठेवायची. हे त्यांना सांगाल तेव्हा ‘शुगर निघाली तर’ असं सांगू नका. ‘जीप टिकवायची असेल तर’ असं सांगा.

आता दिरांचं. दीर मायेनं बोलतायत, पण त्यांची महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना महाराष्ट्राच्या पोलिसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. कर्नाटकच्या पोलिसांना कर्नाटकची आरोग्य भाग्य योजना. पगार ज्याचा, कार्ड त्याचं. भाऊ एका आईचे असले म्हणून कार्ड एक होत नाही. 865 गावांसाठी महाराष्ट्रानं दिलेली महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तीही दवाखान्यातल्या ठराविक उपचारांसाठी आणि शस्त्रक्रियांसाठी. वर्षाची रक्तलघवी तपासायला ती नाही. शिवाय कर्नाटकच्या खाकीतल्या माणसानं त्या योजनेसाठी अर्ज घेऊन फिरणं म्हणजे चहाच्या टपरीला दोन महिन्यांचा विषय पुरवणं. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटू दे, त्यात त्यांची शुगर घालू नका. हां, निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा स्वतःच्या पैशानं कोल्हापूरला कोणा चांगल्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा. निपाणीकर पूर्वीपासून तेच करत आलेत.

पण माझं मत विचाराल तर पहिली पायरी त्याहून जवळ आणि फुकट आहे. तुमच्या गावाजवळचं आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे आपलं जुनं उपकेंद्र किंवा पीएचसी. तीस वर्षांवरच्या कोणाचीही बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी तिथं मोफत होते. तिथं ते हेड कॉन्स्टेबल नसतात, गावचे एक गृहस्थ असतात. यादी एसपी ऑफिसला जात नाही. शंका आली तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एनसीडी क्लिनिकला, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांच्या विभागात पाठवतात, औषधंही तिथं फुकट मिळतात. तिकडं आधी जाऊन यायचं. काही निघालं तर दोन-तीन महिन्यांत गोळ्यांनी ताब्यात येतं. मग खात्याच्या तपासणीला ताठ मानेनं जायचं आणि विचारलं तर ‘हो, उपचार चालू आहेत’ म्हणून सांगायचं. लपवायचं नाही. ताब्यात असलेला बीपी लपवायला लागत नाही, आणि उद्या आरोग्य भाग्यवर दाखल व्हायची वेळ आली तर मागचा कागद नीट असलेला बरा.

घरी काय करायचं ते जरा सविस्तर सांगते, इथंच सगळे घाई करतात.

बीपीचं दंडाला बांधायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. सात दिवस, रोज दोन वेळा: झोपून उठल्यावर चहा-तंबाखूच्या आधी आणि झोपायच्या आधी. नाइट असेल तर त्यांची ‘सकाळ’ दुपारी तीनला असेल, तीच धरा. लघवी करून यायचं, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोलायचं नाही, मोबाइल नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे वहीत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. पोराला गणित म्हणून द्या. सरासरी 135/85 किंवा जास्त असेल तर ती घरच्या मापानं वाढलेली धरतात. 180/110 च्या वर आकडा आला आणि पाच मिनिटांनी परत तेवढाच आला तर वही मिटायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

साखरेसाठी त्यांच्यासारख्या रात्रपाळीवाल्यांना एचबीए1सी ही तपासणी सोयीची. उपाशी राहावं लागत नाही आणि मागच्या साधारण तीन महिन्यांचा ताळेबंद एका आकड्यात मिळतो. 5.7 च्या खाली असेल तर ठीक. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. 6.5 किंवा जास्त म्हणजे मधुमेह, तोही डॉक्टर परत एकदा बघून पक्का करतात. ॲनिमिया असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघायला सांगा. उपाशीपोटीची साखरच करायची असेल तर नाइट नसलेल्या आठवड्यात करा. ती 126 किंवा वर असेल तर तोही मधुमेहच, पण परत बघून पक्का करायचा. सोबत कोलेस्टेरॉल, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. पाय सुजून आले म्हणालात ना? बारा दिवस उभं राहून आणि सीटवर बसून पाय सुजतात, ते चार दिवसांत उतरतं. पण आता सुट्टीच्या दिवशीसुद्धा नडगीवर अंगठा दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

शिवणाच्या पेटीतला टेप काढा. बेंबीजवळ, श्वास सोडल्यावर. पुरुषाचं 90 सेंटिमीटरच्या वर असलं की आपल्याकडच्या माणसांना धोक्याचं मानतात. त्यांच्या फॉर्मवरची ती कोरी जागा तुम्हीच भरा.

तंबाखूवर मी व्याख्यान देणार नाही. निपाणीच्या माणसाला तंबाखूबद्दल मी काय सांगू? आमच्या पिढीनं 1981 चं तंबाखू आंदोलन बघितलंय, आणि कितीतरी घरांच्या चुली तंबाखूच्या वखारीच्या जिवावर पेटल्या. फक्त एक करा. त्यांना तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरा नाहीतर लाल चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर त्याच आठवड्यात तोंड दाखवायचं. शिबिरात बहुतेकदा ‘तंबाखू: होय/नाही’ इतकंच विचारतात आणि रांगेतला प्रत्येक जण ‘नाही’ म्हणतो. तोंडाचा वास सगळ्या टेबलाला येत असतो.

आणि आता घोरण्याकडे येते. तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त तिथंच थांबले.

तुम्ही ते वजन आणि तंबाखू यांच्या मध्ये लिहून टाकलंय, जसं काही ती पोरांच्या झोपेची अडचण आहे. आवाज मध्येच बंद पडतो आणि मग दचकून श्वास घेतात, हे साधं घोरणं नव्हे. झोपेत घसा आवळून श्वास अडकतो, शरीर घाबरून अर्धवट जागं होतं, परत झोपतं, परत अडकतो. रात्रीतून कितीदा तरी. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. बीपी यानं वाढू शकतो आणि कधीकधी गोळ्यांना नीट दाद देत नाही. रात्री लघवीला उठणंही यातून होऊ शकतं. तुम्ही ते शुगरचं लक्षण धरलं असेल आणि ते असूही शकतं, पण दोन्ही बघायला हवं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे असा माणूस आठ तास झोपला तरी झोपलेला नसतो. त्याला दिवसा पेंग येते. तुमचे यजमान रात्री दोन वाजता चिकोडी रस्त्यावर जीप चालवतात, मागं चार माणसं असतात, पुढून उसाचे ट्रॅक्टर येत असतात, निम्म्यांना मागचा दिवा नसतो.

हे कुठल्याही शिबिराच्या फॉर्मवर येणार नाही, कारण त्यांना स्वतःलाच ते माहीत नाही. याला साक्षीदार एकच आहे, तुम्ही. तेव्हा एका रात्री मोबाइल उशाशी ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. त्यांना चोरून नको, सकाळी ऐकवा. पुष्कळ माणसं बायकोचं म्हणणं उडवून लावतात, पण स्वतःचा बंद पडलेला श्वास ऐकल्यावर गप्प होतात. तेच रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवा आणि स्लीप स्टडी करायची का विचारा. बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यांत ती होते. वजन उतरलं की बऱ्याच जणांचं कमी होतं, काहींना रात्री नाकाला लावायचं मशीन लागतं. ते लावून झोपलेला माणूस आठवड्यात म्हणतो की मी दहा वर्षांनी झोपलो. माझ्या ओळखीतल्या एका एएसआयनं तर ते मशीन अधिवेशनाच्या बंदोबस्तालासुद्धा नेलं होतं. जिथं उतरायची सोय केलेली त्या हॉलमध्ये पहिल्या रात्री सगळे हसले, तिसऱ्या रात्री दोघांनी किंमत विचारली.

मामंजींबद्दल. बाप किंवा भाऊ 55 च्या आत हृदयविकारानं गेला असेल तर मुलाचा धोका वाढलेला धरतात. हे डॉक्टरांना पहिल्या भेटीत सांगायचं, ‘घरात कोणाला काही?’ असं विचारायची वाट बघायची नाही. आणि शिबिरातला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. ईसीजी त्या दोन मिनिटांचं सांगतो, नळीत किती साचलंय ते सांगत नाही. 2021 च्या ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले, वय 46, व्यायामाचं शरीर. तेव्हा कितीतरी पुरुष ईसीजी काढायला धावले. महिन्याभरात रांगा संपल्या, बीपीची गोळी मात्र ज्यांनी सोडली होती त्यांनी सोडलेलीच राहिली. पुनीत यांच्या नावानं कर्नाटकात हृदय ज्योती योजना सुरू झाली, ती मात्र नीट लक्षात ठेवा. तालुका पातळीच्या दवाखान्यांत ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथंच मोफत देतात. म्हणजे छातीत भरून आलं, घाम फुटला, डावा हात नाहीतर जबडा दुखायला लागला तर सोडा नाही, ओवा नाही, पित्ताची गोळी नाही. 108 ला फोन आणि जवळचा सरकारी दवाखाना. कोल्हापूर की बेळगाव याची चर्चा ईसीजी काढल्यावर. तुमच्या मामंजींच्या वेळी हे नव्हतं. तुम्ही त्या सोड्याचं ओझं अजून वागवताय असं पत्रातून वाटलं, ते खाली ठेवा. तेव्हा कोणीही सोडाच दिला असता.

वेळेचं गणित तुम्ही स्वतःच मांडलंय. 1 नोव्हेंबरला कर्नाटकचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस, दोन्हीचा बंदोबस्त, त्यात कोणाला रजा मिळत नाही. पुढं डिसेंबरात अधिवेशन. म्हणून वहीचे सात दिवस आत्ता, या आठवड्यात सुरू करा. खात्याच्या तपासणीची तारीख नाइट उतरलेल्या सकाळी पडत असेल तर त्यांनी रायटरला सांगून ती वीकली ऑफला किंवा दिवसपाळीच्या आठवड्यात बदलून घ्यावी. ड्यूटी लावणारा रायटरच असतो आणि असलं काम साहेबांपेक्षा तोच लवकर करतो. त्या दिवशी हाफ बाहीचा ढगळ बनियन आत घालून जायचं, म्हणजे शर्ट काढायला संकोच नाही. ‘सिस्टर, बसून मोजा’ म्हणायला लाजायचं नाही. मी त्या खुर्चीत होते तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर मी मोजलं असतं. रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय निघायचं नाही आणि तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये न जाता तुमच्या वहीत चिकटला पाहिजे. कन्नडमध्ये असेल तर घाबरू नका: ‘रक्तदोत्तड’ म्हणजे रक्तदाब, मधुमेहाला तिकडंही मधुमेहच म्हणतात, आणि आकडे तर सगळ्यांचे सारखेच.

त्यांच्याशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तोच खरा प्रश्न असणार. ‘तुम्हाला काहीतरी झालंय’ असं सुरू करू नका, आणि मामंजींचं नाव तर त्या वेळी अजिबात नको. पोलिसाला घरात कोणी जबाब घेतलेला आवडत नाही. मशीन आणा आणि आधी तुमचा बीपी त्यांना मोजायला सांगा. दुसऱ्याचं मोजताना माणूस कडक होतो: पाठ टेक, बोलू नको, हात वर घे. दोन दिवसांत ते तुम्हाला सूचना द्यायला लागतील. मग म्हणा, आता तुमचं.

आणि हे नाटक नको, खरंच मोजा. तुमचं वय पत्रात नाही, पण 45 वर्षांच्या माणसाची बायको म्हणजे चाळिशीच्या आसपास असाल. आरोग्य मंदिरात तुमचीही बीपी, शुगर, स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी मोफत आहे, आणि आरोग्य भाग्यच्या कार्डात कुटुंबही येतं. दोघांनी एकाच दिवशी जा. त्यांना सांगा, मला एकटीला जायला अवघडल्यासारखं होतंय, तुम्ही चला. ड्रायव्हर माणूस आहे, गाडी काढा म्हटलं की काढेल.